वेशीवरचं सूप

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, कोठारं होती, आणि आत्तासारखेच गप्प बसणारे थोर लोकही होते. लहानांनी ही गोष्ट मजेत ऐकावी. मोठ्यांनी जरा मान खाली घालून ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात राजाचं मोठं कोठार होतं. सुगी सरली की साऱ्या मुलखाचं धान्य तिथं यायचं आणि गावातल्या बायका ते पाखडायच्या. प्रत्येकीचं सूप तिचं स्वतःचं असे, पण संध्याकाळी घरी जाताना ते कोठारातच ठेवून जायची रीत होती. कोठाराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, तो कोठावळा. कुणाला कामावर ठेवायचं आणि कुणाला काढायचं, हे त्याच्या मर्जीवर होतं.

आणखी एक रीत होती. जिला काढायचं, तिचं सूप कोठावळा गावच्या वेशीवरच्या खुंटीला पालथं टांगायचा. कारण कुणी विचारायचं नाही. सूप पालथं दिसलं की बाई चोर आहे, नाहीतर कामचुकार आहे, असं सगळ्यांनी समजून घ्यायचं. जोवर कोठावळा स्वतः येऊन ते सूप खाली उतरवत नाही, तोवर गावात त्या बाईला कुणी काम द्यायचं नाही. साधं अंगण झाडायचंही नाही.

त्या कोठारात एक तरुण मुलगी पाखडायला जायची. तिचा बाप नव्हता. आई म्हातारी, पूर्वी त्याच कोठारात पाखडून कंबर मोडलेली. मुलीच्या सुपावर त्या घराची चूल पेटायची.

एके दिवशी दुपारी कोठावळ्यानं तिला सांगितलं, आतल्या खोलीतलं धान्य वेगळं आहे, ते आत येऊन पाखड. ती गेली. आत धान्य नव्हतं. कोठावळा होता, आणि त्यानं दार लोटून घेतलं होतं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, तू एवढी राबतेस ते मला बघवत नाही, माझं ऐकलंस तर सुपाला हात न लावता तुला दुप्पट दाणे मिळतील.

ती म्हणाली, "हात सोडा. मी इथं धान्य पाखडायला येते."

तो हसला. त्याला वाटलं, पहिल्यांदा सगळ्याच असं म्हणतात. तिनं मनगटाला हिसका दिला, दार ढकललं आणि सगळ्यांच्या देखत बाहेर येऊन आपल्या जागेवर बसली. बाकीच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहिलं. काय झालं, असं एकीनंही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं सूप वेशीवर होतं. पालथं.

ती तेल्याकडे गेली, कुंभाराकडे गेली, देवळात सडासारवण मागायला गेली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. आधी सूप खाली येऊ दे. आणि प्रत्येकानं तिला जाता जाता हळूच सांगितलं, की तुझी चूक नाही हे आम्हाला माहीत आहे, कोठावळा कसा आहे तेही माहीत आहे. नीट ऐका. माहीत होतं. तेल्याला माहीत होतं, कुंभाराला माहीत होतं, पुजाऱ्याला माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं आणि वर दयाळूपणाचा आवाज काढला.

मग ती पारावर गेली. पारावर गावचे पंच बसायचे. पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतरं, आणि दिवसभर काम एकच, गावाला वळण लावणं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. एक म्हणाला, कोठावळा माणूस वाईट नाही, जरा रंगेल आहे इतकंच. दुसरा म्हणाला, घरात दाणा नसताना एवढा ताठा बरा नव्हे. तिसऱ्यानं सांगितलं की बाईच्या जातीनं नमतं घेतलं की सगळं सुरळीत होतं. थोरले पंच सगळ्यात शेवटी बोलले. त्यांनी तिला डोक्यावर हात ठेवून समजावलं, की जा, त्याच्या पाया पड, तो सूप उतरवेल आणि विषय मिटेल.

ती म्हणाली, "आबा, ते सूप मीच उतरवलं तर?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले.

"आजवर कुणी उतरवलेलं नाही," थोरले म्हणाले.

"ते नाही विचारलं मी. उतरवलं तर काय होतं?"

थोरल्यांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या बापानं त्यांना हे सांगितलं नव्हतं, आणि बापाला त्याच्या बापानं. शेवटी ते म्हणाले, "काहीतरी होत असेलच."

यालाच म्हणतात गावाचं शहाणपण. आयुष्यभर ज्याच्या धाकात राहिले, ते काय आहे हे एकानंही कधी तपासलं नव्हतं.

ती तडक वेशीकडे चालायला लागली. पंच काठ्या टेकत मागे, त्यांच्या मागे निम्मं गाव. वेशीपाशी एक दगड होता. ती त्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि सूप खाली काढलं.

काहीच झालं नाही. वीज पडली नाही, जमीन फाटली नाही. वेशीवरच्या चिमण्या उडाल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, की तुला हे खाली घ्यायला कुणी सांगितलं.

"वर टांगायला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, आणि पदरानं सुपावरची धूळ पुसायला लागली.

गावात तिला तरीही कुणी काम दिलं नाही. सूप खाली आलं होतं, पण कोठावळ्यानं उतरवलेलं नव्हतं, म्हणून ते आलेलं नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. भीती अशी असते. खुंटी रिकामी झाली तरी लोक मान वर करून बघतच राहतात.

तिनं गावाची वाट पाहिली नाही. वेशीबाहेर चिंचेखाली बैलांचे तांडे उतरायचे. पाठीवर धान्याच्या गोण्या लादून दूरदूरच्या मुलखांतून आलेले. ती सूप घेऊन तिथं गेली. तांड्याच्या नायकानं तिला वेशीवरून सूप काढताना पाहिलं होतं. त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या गावात सूप वेशीवर टांगतात ते काय भूत पळवायला?"

"नाही, नाईक. भूत कोठारात आहे. ते आम्हालाच पळवतं."

नायक मोठ्यानं हसला, आणि मग हसायचं थांबला.  त्यानं एक गोणी तिच्यापुढे सोडली. गोणीत निम्मी माती होती. तिनं दिवसभर पाखडलं, घोळलं, खडे एका कडेला काढले. संध्याकाळी ओटीत ज्वारी घेऊन ती घरी आली, दळली, आणि भाकरी थापली.

आई जेवायला बसेना. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, की वेशीबाहेर बसून कमावलेलं मला नको, उद्या लोक काय म्हणतील. मग रडवेली होऊन म्हणाली, की जा, एकदा पाया पड त्याच्या, माझं ऐक.

मुलगी आईसमोर बसली. लहानपणचं काहीतरी तिला आठवत होतं. वेशीवर टांगलेलं एक सूप, आणि ते बघून रडणारी आई. मग थोड्या दिवसांनी सूप नव्हतं, आणि आई रडतही नव्हती. बोलतही नव्हती.

"आई, तुझं सूप खाली कसं आलं होतं?"

 आईनं चुलीतलं लाकूड उगाचच मागेपुढे केलं.

"तू सोसलंस म्हणून मीही सोसायचं का?"

"मी सोसलं म्हणून तू जेवलीस," आई म्हणाली. आवाजात राग होता. एवढ्या वर्षांचा होता, आणि तो मुलीवरचा नव्हता.

 मुलीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आईच्या हातावर ठेवला. "मग आता माझ्या हातचं जेव."

आई जेवली.

सकाळी मुलगी चिंचेखाली जाऊन बसली, तेव्हा शेजारी कुणीतरी कण्हत खाली बसलं. आई होती. माळ्यावरचं जुनं सूप घेऊन आली होती. त्याच्या दोन कामट्या निघाल्या होत्या, पण पाखडण्यापुरतं ते धड होतं.

कोठारात ही गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात कोठावळ्यानं एका नव्या पोरीला आतल्या खोलीत बोलावलं. पोरगी उठली, सूप काखेत मारलं, आणि आत जाण्याऐवजी बाहेर चालती झाली. थेट चिंचेखाली. संध्याकाळी बाकीच्या बायकांनी एक साधी गोष्ट केली. घरी जाताना आपापली सुपं बरोबर नेली. सकाळी कोठारात एकीही आली नाही. कोठावळा तावातावानं वेशीकडे जायला निघाला आणि मध्येच थांबला. टांगायला त्याच्या हातात सूपच नव्हतं.

इतकी वर्षं ज्यानं त्यांना धाकात ठेवलं, ते हत्यार त्याचं नव्हतंच. त्या रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं ते त्याच्याकडे ठेवून जात होत्या.

कोठारात न पाखडलेल्या धान्याचे ढीग लागले. कोठावळ्यानं गड्यांना बसवलं, त्यांनी कोंडा उडवला आणि खडे ठेवले. राजा जेवायला बसला, पहिलाच घास चावला, आणि त्याची दाढ निम्मी तुटली.

आता राजा फार न्यायी होता वगैरे मी सांगणार नाही. न्यायी असता तर त्याला कोठाराची कथा आधीच माहीत असती. त्याची दाढ दुखत होती म्हणून तो आला. गालाला फडकं बांधून, पालखीतून, वेशीपाशी.

कोठावळा पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, की महाराज, बायका माजल्यात, एकीनं रीत मोडली आणि सगळ्यांना नादी लावलं. राजानं मुलीला विचारलं. तिनं आतल्या खोलीत काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ती मध्ये कुठंही थांबली नाही.

मग राजा पंचांकडे वळला. तुम्ही गावचे थोर आहात, खरं काय ते तुम्ही सांगा.

पंच जमिनीकडे बघत राहिले. थोरल्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "महाराज, आमच्या कानावर असं कधी काही आलं नाही."

चिंचेखालून आई उठली. कमरेवर हात ठेवून, हळूहळू, पण उठली.

"आबा," ती म्हणाली, "माझं सूप टांगलं होतं तेव्हा मी पारावर आले होते. ही पोर माझ्या कडेवर होती. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, जा, पाया पड, विषय मिटेल. तुमच्या कानावर मी घातलं होतं. मी गेले त्याच्याकडे. विषय मिटला नाही."

 मग मागून आणखी एक म्हातारी उठली, आणि तिच्या शेजारची.  नुसत्या उभ्या राहिल्या. किती उभ्या राहिल्या ते राजानंही पाहिलं आणि त्यांच्या नवऱ्यांनीही.

राजानं कोठावळ्याच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याच खुंटीला टांगल्या. कोठावळा बरेच दिवस गावात काम मागत हिंडला. किल्ल्या खाली काढायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण काढून करणार काय? कोठाराचं कुलूप बदललं होतं.

राजानं मुलीला पुन्हा कोठारात यायला सांगितलं. ती म्हणाली, आम्ही आत येणार नाही, धान्य बाहेर येईल. वेशीपाशी, उजेडात, साऱ्या गावादेखत आम्ही पाखडू, आणि सुपं आमच्या घरी राहतील. राजाची दाढ ठणकत होती. तो लगेच हो म्हणाला.

थोड्या दिवसांनी पंच शाल घेऊन आले. आम्ही पहिल्यापासून मनातून तुझ्याच बाजूचे होतो, असं थोरल्यांनी तिला सांगितलं. ती पाखडत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "शाल राहू द्या, आबा. बसा, आणि हे खडे निवडा."

पंचांतले दोघे बसले. बाकीच्यांची कंबर दुखायला लागली, ते घरी गेले. थोरले उभेच होते. बराच वेळ उभे होते. मग आईनं सरकून आपल्या शेजारी जागा केली, आणि ते तिच्या नजरेला नजर न देता खाली बसले. त्या दिवशी त्यांनी एकही शब्द न बोलता खडे निवडले.

बोध असा: नको त्या गोष्टीला नाही म्हटल्यामुळे काम गेलं, तर ती लाज आपली नसते, ज्यानं काम काढून घेतलं त्याची असते, आणि ज्यांनी माहीत असून ते जाऊ दिलं त्यांची असते.