जमिनीवर पडलेला फासा

“मग सर, जमिनीवर पडलेला फासा धरायचा की नाही? तेवढं एकच सांगा.”

मुजावर सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“एवढ्यासाठी पुण्याहून आलास?”

“होय सर.”

“फोनवर विचारायचं की.”

“फोनवर तुम्ही हसण्यावारी नेलं असतंत.”

सर हसले. म्हणजे समोर बसूनही व्हायचं ते झालंच.

दिगंबर चिवटे तसा आता बडा माणूस. पुण्यात संगणकाच्या कंपनीत हाताखाली चाळीस जण. पण मिरजेतल्या या घराची पायरी चढला की त्याचा दिगू व्हायचा आणि अठ्ठेचाळीस वर्षांतली तेहेतीस कुठल्या कुठं पळायची.

पळणारच. पुढ्यात टेबल तेच होतं. शाळेतला सुतारकामाचा वर्ग बंद झाला तेव्हा शाळेनं ते भंगारात काढलं होतं. सरांनी हातगाडीवर घालून घरी आणलं. तीन बाजूंनी खालपर्यंत फळ्या मारलेलं, भिंतीएवढं जाड. त्याला अजून सरसाचा वास यायचा.

मेच्या सुट्टीत या टेबलाभोवती चार पोरं बसायची. सर गोष्ट सांगायचे. प्रत्येक पोराचा गोष्टीत एक माणूस असायचा. कुणाचा शिलेदार, कुणाचा वैद्य.

“घाट चढून आलात. पुढं धूर दिसतोय. काय करता?”

मग जो तो आपलं डोकं चालवायचा आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. सागवानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून फासे सरांनीच घासले होते. काय दिवस होते ते! बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत पोरं किल्ल्यावर. पाणी प्यायलासुद्धा कुणी उठायचं नाही.

नियमांची वही दिगूकडे असायची. त्याला त्याचा भारी तोरा.

आता त्या वहीचंच त्यानं मोठं काम काढलं होतं. इंटरनेटवर एक खेळघर आहे. चार गावांतली चार माणसं आपापल्या घरी बसून तिथं एकाच पटाभोवती जमतात. नकाशा पडद्यावर, माणसं पडद्यावर, फासेही पडद्यावरच. कुठलाही खेळ तिथं मांडता येतो, फक्त त्याचे नियम आधी यंत्राला शिकवावे लागतात. दिगूनं आठ महिने रोज सकाळी लवकर उठून सरांचा खेळ यंत्राला शिकवला होता.

“तीनशे सतरा नियम झाले, सर,” तो म्हणाला. लॅपटॉप त्यानं टेबलावर उघडलाच होता. “फासा यंत्र टाकतं, बेरीज यंत्र करतं, माणसाची ताकद आपोआप कमी होते. कुणाला लबाडी करायला जागाच ठेवली नाही.”

“तेव्हा कोण करत होतं रे लबाडी?”



“कुणी नाही. पण पद्धत म्हणून…”

“बरं. आणि खेळणार कोण?”

“आपलीच चौकडी. येत्या रविवारी. एक दुबईहून बसेल, एक बेळगावहून, मी पुण्याहून आणि…”

पुढचं नाव त्याच्या तोंडातून पटकन निघेना.

“नेमू,” सर म्हणाले.

“होय. नेमिनाथ. हुबळीला असतो. त्याला निरोप धाडलाय. ‘बघू’ म्हणालाय.”

नेमू उपाध्येचं ‘बघू’ म्हणजे नकारच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

नववीच्या सुट्टीतली गोष्ट. नेमूचा जासूद नदी ओलांडत होता. पोरगा त्या जासुदावर जीव टाकायचा. त्याचं चित्र काढून त्यानं कंपासपेटीत ठेवलं होतं. त्यानं फासा टाकला, फासा घरंगळला आणि टेबलावरून खाली गेला. दान आलं एक. धरलं तर जासूद बुडाला, पुन्हा टाकलं तर वाचायची आशा.

बाकीची पोरं म्हणाली, पुन्हा टाक. दिगू म्हणाला, “पडेल तिथं धरावा. लिहिलंय.”

जासूद बुडाला. नेमू उठला, चपला घातल्या आणि घरी गेला. जूनमध्ये त्याच्या वडिलांची हुबळीला बदली झाली. तेहेतीस वर्षांत एक पत्र नाही.

“तुम्ही निवाडा द्या,” दिगू म्हणाला. “तुमच्या नावानं तो नियम लिहितो. नेमूला दाखवतो. मग तो येईल.”

“तुझ्या यंत्रात फासा जमिनीवर पडतो का?”

“नाही. जमीनच नाही तिथं.”

“मग नियम कशाला हवाय?”

खरं उत्तर दिगूला माहीत होतं, पण सरांसमोर खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायची हिंमत होईना.

“सर… माझं बरोबर होतं, एवढं त्याला कळावं.”

“बरोबर असलास तर तो येईल?”

दिगूनं लॅपटॉप मिटला.

“त्या दिवशी माझंही चुकलं,” सर हळूच म्हणाले. “सगळी माझ्याकडे बघत होती. मी काय केलं? ‘वही काय म्हणते?’ असं तुला विचारलं. मला तुझ्या वहीचं कौतुक होतं ना.”

मास्तरनं असं काही कबूल करावं, याची दिगूला सवय नव्हती.

सरांनी खिळ्यांच्या डब्यात हात घातला, चाचपून एक फासा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. “टाक.”

दिगूनं टाकला. फासा टेबलावरून पळत सुटला. तो थांबणार, तोच सरांनी बोटानं टिचकी मारली आणि फासा टेबलाखाली गेला.

“सर!”

“आण की. ज्याचा फासा त्यानं आणायचा.”

अरेच्चा, हा रिवाज वहीत नव्हता. तीनशे सतरांत नव्हता. कुणी लिहिलाच नव्हता, सगळे नुसते पाळायचे.

दिगू गुडघ्यांवर बसला, मग हातांवर, मग पोट सांभाळत उघड्या बाजूनं आत सरकला. आत अंधारच होता. लाकडाचा भुसा, एक मोडकी पटाशी, कोळिष्टकं. तीन बाजूंनी फळ्या. बाहेरचं काही दिसत नव्हतं. बाहेरच्यांनाही आतलं दिसायची सोय नव्हती.

“सापडला का?” वरून आवाज आला.

“सापडला.”

“किती?”

“दोन.”

“खरं सांगतोयस ना?”

“सर, मी कशाला खोटं…”

तो बोलता बोलता थांबला.

बाहेर रस्त्यावरून कुणी भाजीवाली ओरडत गेली.

“सर…”

“बोल.”

“त्या दिवशी खाली नेमू आला होता.”

“हं.”

“फासा फक्त त्यानं बघितला. आमच्यापैकी कुणीच नाही. एक पडलाय, हे आम्हाला त्यानं सांगितलं.”

“हं.”

“त्यानं सहा म्हटलं असतं तर… बोटानं नुसता उलटवला असता तर…”

वर खुर्ची करकरली.

“आणि मी त्याला वही दाखवली.” दिगूचा आवाज फाटला. “त्याच्याच खऱ्यावर त्याचा माणूस बुडवला. आणि आठ महिने बसून मी लबाडी बंद करायचं यंत्र बनवलं.”

फासा त्याच्या मुठीत होता. डोळे पुसायला गेला तर भुसा डोळ्यांत गेला, आणि मग पुसण्यात काही अर्थ राहिला नाही.

थोड्या वेळानं तो मागे सरकू लागला. एक पाय बाहेर आला, मग दुसरा.

“थांब,” सर म्हणाले. “बाहेर येऊ नकोस.”

“का सर?”

सरांनी वाकून त्याचा मोबाईल टेबलाखाली सरकवला.

“फोन तिथनंच लाव त्याला.”