लेकीच्या गाडीची पाचर

घाटाच्या पायथ्याशी, फार पूर्वी, सुतारांचं एक गाव होतं. तिथे बैलगाड्या बनत आणि घाटापलीकडच्या गावांतही जात. गावाची एक रीत होती. चावडीसमोरच्या छपरात एक गाडी कायम उभी असे. तिला गावगाडी म्हणत. तिला बैल कधी जुंपत नसत, ती फक्त मापासाठी होती. कुणीही यावं, दोरी लावून माप घ्यावं आणि आपली गाडी करावी. कुणाची ना नव्हती.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की घाटाच्या दोन्ही बाजूंचे सुतार गावगाडीभोवती जमत. वर्षभरात ज्याला काही नवं सुचलं असेल, त्याने ते स्वतःच्या हाताने गावगाडीला लावून दाखवायचं. मग बाकीचे ते हलवून बघत, ठोकून बघत आणि मनसोक्त भांडत. नमनालाच घडाभर तेल जाई. पण एकदा सगळ्यांना पटलं की ते गावगाडीत राही आणि पुढे सगळ्यांच्या गाड्यांत येई. त्यामुळे गाडी कुठेही मोडली, तरी तिथला सुतार ती डोळे मिटून नीट करी.

या गावात एक सुतार होता. हात सोन्याचा, पण स्वभाव आतल्या गाठीचा. घाटातल्या मोठ्या वळणावर उतरताना चाक धरून ठेवणारी खीळ ढिली व्हायची आणि चाक निखळायचं. पावसाळ्यात एखादी तरी गाडी तिथे उलटायचीच. या सुताराने त्यावर तोड काढली. खिळीच्या मागे त्याने बाभळीची बोटभर पाचर बसवली. त्याच्या गाड्यांची खीळ पुन्हा कधी हलली नाही.

बायको म्हणाली, "अहो, खंडेनवमी आली. गावगाडीला लावा की ती पाचर. चार जिवांचं भलं होईल."

"आणि मग त्या म्हाताऱ्यांची बोलणी कोण खाणार?" सुतार म्हणाला. "एक म्हणेल जाड झाली, दुसरा म्हणेल वाकडी बसली. शिवाय एकदा दाखवली की ती सगळ्यांची झाली. मग माझ्या गाडीला कोण विचारतं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकलेलीच राहिली. पण गावगाडी काही थांबली नव्हती. एका वर्षी तिचा आस, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो दांडा, जाड झाला. पुढे कुणीतरी खिळीचं भोक सरकवलं. बदल चांगलेच होते, म्हणून सुतारही ते घेई. पण दुरुस्तीत जुन्या गाड्यांनाही नवं माप लागे आणि दरवेळी त्याची पाचर बसेनाशी होई. मग जिथे जिथे त्याच्या गाड्या होत्या तिथे तिथे हा एकटा हिंडे आणि पाचर नव्याने तासून बसवी. मदतीला कुणाला बोलावणार? बाकीचे सुतार नव्या गाड्या करत आणि हा आपल्याच जुन्या पाचरींमागे पळत राही. एवढ्या हुशार माणसाला हे कळू नये, याचंच वाईट वाटतं.

त्याला एकच लेक होती. तिचं लग्न घाटापलीकडे झालं. सुताराने तिला स्वतःच्या हातची गाडी दिली, पाचर लावून.

पाठवणीच्या वेळी बायको कळवळून म्हणाली, "निदान तिकडच्या सुताराला तरी पाचरीचं सांगून ठेवा हो."

"सांगितलं की पसरलं," तो म्हणाला. "दरवर्षी पावसाच्या आधी मीच जाऊन बघून येईन. माझ्या लेकीची गाडी आहे, मी विसरेन होय?"

तो विसरला नाही. पण त्या वर्षी गावगाडीचा आस पुन्हा बदलला होता. गावोगावी पाचरी तासता तासता आभाळ भरून आलं. लेकीचं गाव तेवढं राहिलं. नागपंचमीनंतर जाऊ, असं त्याने ठरवलं.

लेक पंचमीला माहेरी येणार होती. सुताराने अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला आणि दोरीला स्वतः लोंबकळून तो पक्का आहे ना ते पाहिलं. बायकोने पुरणाची दिंडं केली. दोघं वाटेकडे डोळे लावून बसले.

गाडी आलीच नाही. मोठ्या वळणावर चाक निखळलं आणि गाडी दरीत गेली. लेक वाचली नाही.

दिवसकार्य झालं तेव्हा घाटापलीकडचा तरुण सुतार भेटायला आला. त्याला तोंड वर करवेना.

"काका, तिच्या गाडीचा आस तडकला होता," तो म्हणाला. "मी गावगाडीच्या मापाने नवा घातला. खिळीमागे एक लाकडाचा तुकडा निघाला. नव्या आसावर तो बसेना. गावगाडीत असं काही नाही, म्हणून वाटलं, कुणीतरी फट बुजवायला ठोकला असेल. मी तो चुलीत टाकला."

सुताराला त्याचा राग येईना. पोरगं रीतीप्रमाणेच वागलं होतं. राग ज्याच्यावर यायचा, त्याच्यापासून सुताराला उठून जाता येईना.

खंडेनवमी आली. सुतार गावगाडीपाशी गेला आणि त्याने पाचर बसवली. त्या दिवशी कुणी भांडलं नाही. एकेकाने पुढे होऊन पाचर हलवून बघितली. शेवटी तो तरुण सुतार चाचरत म्हणाला, "काका, हिला एका बाजूने उतार दिला तर? मग आस जाड असो की बारीक, ही आपोआप घट्ट बसेल."

त्याने चार टवके काढले आणि पाचर ठोकली. बसली. पुन्हा कधी तासायला लागणार नव्हती.

सुतार मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला. "एवढंच होतं?" तो म्हणत राहिला. "अरे, एवढंच होतं?"

तेव्हापासून त्या वळणावर एकाही गाडीचं चाक निखळलं नाही. पंचमीला घाटापलीकडच्या लेकी माहेरी सुखरूप येऊ लागल्या. कडुनिंबाचा झोका सुताराने सोडला नाही. आळीतल्या माहेरवाशिणी येऊन त्यावर बसत, आणि सुताराची बायको त्यांना हळूहळू झोके देई.

तात्पर्य: सगळ्यांच्या गाडीतला दोष ज्याला दिसला, त्याने उपायही सगळ्यांच्याच गाडीला लावावा; घरात लपवलेला उपाय एकट्याला जन्मभर सांभाळावा लागतो, आणि नेमका गरजेच्या वेळी तो कुणाला ओळखूही येत नाही.