तापाईचा तोबरा

तापाईचा डोंगर दुरून पाहिला, तर काळे पाट एकावर एक रचून ठेवल्यासारखा दिसतो. पायथ्याशी चिंधूबाबा भांगरे बसतात. माथ्यावर निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडात ते सातूच्या कोरड्या पिठाचा तोबरा भरतात आणि मगच वाट दाखवतात. परवा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने गाडीतून उतरता उतरताच विचारले, "बाबा, किती चढायचंय?" बाबांनी आधी त्याचे तोंड बंद केले आणि मग ही हकीकत सांगितली.

पूर्वी हा डोंगर म्हणे टेकडीएवढाच होता, पण त्याच्या पोटात विस्तव होता. तापाई ही तापाची देवी, तिचे ठाणे याच डोंगराच्या माथ्यावर. खालच्या गावात रखमाजी नावाचा गूळविक्या राहायचा. अंगाने भरभक्कम, विहिरीपर्यंत जायचे तरी वाटेत दोनदा टेकायचा. त्याचा जिवाभावाचा मित्र हैबती तापाने फणफणला, तेव्हा रखमाजी घाबरून नवस बोलून बसला, "हैबती उठू दे, आई. त्याला घेऊन पायी माथ्यावर येईन आन् दिस मावळायच्या आत नारळ फोडीन."

हैबती उठला आणि रखमाजीच्या तोंडचे पाणी पळाले. पण नवस चुकला तर ताप उलटणार, म्हणून चारपाच मित्र मिळून निघाले.

पहिल्याच चढणीला रखमाजीने बसकण मारली. "अजून किती रं?"

"हे काय, आलंच की!" मित्र म्हणाले. आमच्याकडे असेच सांगायची रीत आहे.

तापाईने ते ऐकले, असे सांगतात. माथा अजून कुठल्या कुठे, आणि ही माणसे आलंच म्हणतात! तिला असा राग आला की डोंगराच्या पोटातला विस्तव दुधासारखा उतू आला, थिजून त्याचा काळा थर झाला आणि माथा झाडभर वर गेला. रखमाजीने पुन्हा विचारले. मित्रांनी पुन्हा तेच सांगितले. ऊन कलले तरी माथा तेवढाच लांब, आणि हैबतीचे कपाळ तापू लागलेले.

"अरं, तू इचारतोस आन् डोंगर वाढतो!" हैबती ओरडला. आपण काय उत्तर देतो, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. सगळे रखमाजीवर धावले आणि शिदोरीच्या सातूच्या पिठाची अख्खी पिशवी त्याच्या तोंडात रिकामी केली.

थोडे वर गेल्यावर हैबती तापाने मटकन खाली बसला. रखमाजीने त्याला पाठुंगळी घेतले. मित्राचा तापलेला गाल मानेला लागत होता आणि रखमाजीला रडू येत होते, पण तोंडात पीठ, रडणार कसा? तो वाटेत एकदाही टेकला नाही म्हणे. दिवस बुडता बुडता नारळ फुटला. पाणी शिंपडताच डोंगर निवला आणि हैबतीला दरदरून घाम सुटला. ताप उतरला होता. दोघे गळ्यात पडून रडले.

मग रखमाजीने पाणी पिऊन पीठ गिळले, तोंड पुसले आणि विचारले, "उतराया किती लागंल रं?"

पायाखालचा दगड कोमट झाला. उत्तर जिभेवर आलेले मित्र पिशवीवर तुटून पडले. ती रिकामी होती, म्हणून त्यांनी फोडलेले खोबरेच त्याच्या तोंडात कोंबले.

आजही तापाईवर चढताना पीठ आणि उतरताना खोबरे खातात. चिंधूबाबा खोबऱ्याचे तुकडे आधीच बांधून देतात. पुण्याच्या त्या पाहुण्याला मात्र त्यांनी अख्खी वाटी दिली.