सुईणीचे हात

रोमच्या बादशहाच्या अमलातली ही फार जुनी गोष्ट. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गावात सेकुंदा नावाची म्हातारी सुईण होती. तिची चार वर्षांची नात तापानं गेली. पोरीला ख्रिस्ती दफनभूमीत न्यायला निघाले, तर फाटकात बिशप रोगातुस आडवे उभे.

"हिला बाप्तिस्मा त्या भित्र्या पाद्र्यानंच दिला ना? बादशहाच्या शिपायांनी दम देताच त्यानं पवित्र ग्रंथ जाळायला काढून दिला. त्यानंतरचा त्याच्या हातचा बाप्तिस्मा खोटा. जिवंत होते त्यांना मी परत दिला. मेलेलीला कसा देऊ? बाहेर पुरा हिला."

सेकुंदानं डोळे पुसले. "बाबा, तुम्हाला जन्मताना कुणी झेललं?"

"तूच. सारं गाव जाणतं."

"मग जे गाव जाणत नाही ते ऐका. तुम्ही जन्मलात त्या दिवशी सकाळी मीही शिपायांच्या धाकानं त्यांच्या देवाच्या मूर्तीपुढं धूप जाळला होता. हाताचा वास गेला नव्हता, तोवर तुमच्या आईला कळा लागल्या. त्याच हातांनी मी तुमची नाळ कापली. हात बाटलेले, म्हणजे तुमचा जन्मही खोटाच की. आता परत जन्माला घालायला तुमची आईही राहिली नाही."

माणसं माना खाली घालून हसू दाबू लागली.

"जन्म देवानं दिला," बिशप तोऱ्यात म्हणाले. "तू नुसतं झेललंस."

"तेच म्हणते मी. पाद्र्यानंही नुसतं पाणीच ओतलं."

बिशपांचा हात आपसूक बेंबीवर गेला. मग ते फाटकातून बाजूला झाले.