निजल्या जोशाची डोण

पळसोळीच्या भैरीच्या देवळात याल तेव्हा अंगणात उजव्या हाताला एक काळ्या दगडाची डोण दिसेल. गुडघाभर उंच, आत नेहमी पाणी. त्या पाण्यावर तांब्याची एक वाटी तरंगत असते. वाटीच्या बुडाला केसाएवढं भोक आहे. त्यातून पाणी हळूहळू आत येतं आणि एक घटिका भरली की वाटी डुबुक करून तळाला जाते. आताच्या हिशेबानं चोवीस मिनिटं. दमूनभागून आलेला पाहुणा डोणीजवळ टेकायला जागा शोधतो, पण तिथं ना ओटा, ना पार, ना साधा धोंडा. बकुळीच्या सावलीत जमिनीत एक खळगा तेवढा आहे. पूर्वी तिथं बसायचा दगड होता. तो कुणी उपटला आणि का, याची हकिकत गावात अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी पळसोळीत गिरमाजी जोशी नावाचे ज्योतिषी होते. तीन खोऱ्यांतली माणसं पत्रिका मांडून घ्यायला त्यांच्याकडे येत. ग्रहांची गणितं पुष्कळांना येतात, पण लग्न काढावं ते गिरमाजीपंतांनीच, असा लौकिक होता. हे लग्न म्हणजे मांडवातलं नव्हे. मूल जन्मतं त्या क्षणी पूर्वेच्या कडेला जी रास उगवत असते, ते त्याचं लग्न. पत्रिकेतलं पहिलं घर तिथून सुरू होतं. पाचेक घटिकांत रास बदलते, म्हणून वेळेचा घोटाळा झाला की बाराच्या बारा घरं हलतात. पंत हे सगळ्यांना ठणकावून सांगत. कुणाच्या घरी बाळंतपण जवळ आलं की सूर्योदयाला ते स्वतः वाटी पाण्यावर सोडत आणि ती बुडेल तशी एकेक चिंचोका ताम्हनात टाकत. वाटीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. "डोळा माझा, चूकही माझीच," असं म्हणत. चूक अर्थात कधी झालेली नव्हती.

वैशाख सरत आला होता. गावच्या नागेश वैद्यांची बायको पहाटेपासून अडली होती. वैद्यांचं घर देवळाला लागूनच, मधे फक्त रचलेल्या दगडांचा गडगा. पंत उजाडल्यापासून डोणीशी बसून होते. दुपारी वैद्यांच्या घरून त्यांना पान आलं, आमरस आणि पोळ्या. पंत पोटभर जेवले. ऊन मी म्हणत होतं, बकुळीखाली मात्र गारवा होता. ताम्हनात अठरा चिंचोके पडले होते आणि एकोणिसावी वाटी पाण्यावर होती. पंतांनी झाडाला पाठ टेकली.

"पंत, मुलगी झाली!"

गडग्यावरून चिमा सुईणीची हाक आली आणि पंत दचकून जागे झाले. वाटी तळाला होती. पाणी असं निवांत होतं की त्यावर एक तरंग नव्हता. वाटी आत्ता बुडाली की केव्हाच, हे सांगायला काही खूण नव्हती. अंगणात काठी रोवून सावली मोजली असती तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता, असं म्हणतात. पण हाक ऐकून चार माणसं अंगणात आली होती. नागेश वैद्य स्वतः गडगा ओलांडून धावत आले होते. आता सावली मोजायची म्हणजे आपला डोळा लागला हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. पंतांनी ताम्हनात एकोणिसावा चिंचोका टाकला.

"एकोणीस घटिका भरल्या," ते म्हणाले. "सिंह लग्न."

माणसं पांगली. पंतांनी वाटी पुन्हा पाण्यावर सोडली. त्या दिवसाचं दिनमान, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ, साडेबत्तीस घटिकांचं. एकोणीस गेल्या असतील तर सूर्य बुडेपर्यंत साडेतेरा उरायला हव्यात. पंत डोळ्याला डोळा न लागू देता बसले. सूर्य मावळला तेव्हा वाटी अकराव्यांदा बुडत होती. अडीच घटिका कमी पडल्या. वाटी बुडाल्यावर तेवढा वेळ पंत निजून होते. मूल एकविसावी घटिका उलटून गेल्यावर जन्मलं होतं आणि सिंह रास विसाव्यालाच संपली होती. मुलीचं लग्न कन्या होतं.

फरक एका घराचा. पण त्या दिवशी मंगळ कुंभेत होता. सिंहेपासून मोजला तर तो येतो सातव्या घरात, नवऱ्याच्या. मुलगी मंगळी ठरते. कन्येपासून मोजला तर सहावा, कसलाच दोष नाही.

पत्रिका बारशाला द्यायची होती, म्हणजे पंतांच्या हाती बारा दिवस होते. रोज सकाळी ते ठरवत की आज वैद्यांकडे जायचं, आणि रोज काही ना काही काम निघे. बारशाच्या दिवशी ते गेले तेही ठरवूनच. पण ओसरीवर पंचक्रोशीतले पाहुणे बसले होते, आणि वैद्य त्यांना म्हणत होते, "पंतांनी वेळ सांगितली म्हणजे दगडावरची रेघ." पंत खाली मान घालून बसले. कागद पुढे आला. त्यांनी सिंह लग्न लिहिलं, सातव्या घरात मंगळ लिहिला, आणि दक्षिणा न घेता उठले. लोकांना वाटलं, केवढा निःस्पृह माणूस!

मुलीचं नाव आवडी ठेवलं. बापाच्या हाताखाली ती मुळ्या ओळखायला शिकली, काढे करायला शिकली. दिसायला चांगली, बोलायला गोड. पण स्थळं यायची, मुलगी बघायची, हसून जायची, आणि पत्रिका बघितली की निरोप येईनासा व्हायचा. कुणी खात्री करून घ्यायला पंतांकडे जाई. पंत म्हणत, "मंगळ सातवा आहे." यापुढे ते एक अक्षर बोलत नसत. बरोबरीच्या मुली पोरंबाळं घेऊन माहेरपणाला येऊ लागल्या, तशी आवडी पाणवठ्यावर जाण्याची वेळ बदलू लागली.

एकदा ती पंतांच्या पायासाठी लेप घेऊन आली. लेप लावून झाल्यावर तिनं विचारलं, "काका, माझ्या वेळेला वाटीपाशी तुम्हीच होता ना? कुठं एवढंसं इकडचं तिकडं झालं नसेल?"

पंत म्हणाले, "वाटी खोटं बोलत नाही गं."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. पंतांनी जाऊन पाय धुऊन लेप काढून टाकला. त्या दिवशी पंत जेवले नाहीत, असं सांगतात.

आवडीला अठरावं सरलं तेव्हा घाटापलीकडचं एक स्थळ तयार झालं, पण एका अटीवर. मुलीचा आधी कुंभविवाह व्हायचा. मातीच्या घटाशी तिचं लग्न लावायचं, घट पाण्यात सोडायचा, म्हणजे नवऱ्यावरचं संकट त्या घटावर गेलं. वैद्यांनी जड मनानं होकार दिला. विधी भैरीच्या अंगणात ठरला, आणि तो सांगायला अर्थातच गिरमाजीपंत.

सकाळची वेळ होती. पाटावर घट, घटाला मुंडावळ्या. समोर हळदीनं पिवळी झालेली आवडी. ती रडत नव्हती. घटाच्या कडेला गेलेल्या तड्याकडे बघत बसली होती. सोयरे, गावकरी, सगळं अंगण भरलं होतं. पंतांनी आचमन केलं. हातात पाणी घेऊन संकल्प सांगायला सुरुवात केली. मुलीच्या मंगळदोषाचा उल्लेख यायचा तिथं ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, पुन्हा तिथंच थांबले. तिसऱ्या वेळी हातातलं पाणी बोटांतून गळून गेलं.

"हिला दोष नाही," ते म्हणाले. "वाटी बुडाली तेव्हा मी झोपलो होतो."

नागेश वैद्यांना कळेना. "पंत, काय बोलताय?"

पंतांनी उभं राहून सगळं सांगितलं. आमरस सांगितला, सावली का मोजली नाही ते सांगितलं, संध्याकाळच्या अकरा वाट्या सांगितल्या. बारशाचंही सांगितलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं, वैद्यराज. अठरा वर्षं मला ठाऊक आहे."

मग मागून एक म्हातारा आवाज आला. चिमा सुईण काठी टेकत पुढे आली.

"मलाबी ठाव हुतं," ती म्हणाली. "पोरीचं डोस्कं दिसाया लागलं तवा तुमास्नी सांगाया म्या भाईर आले हुते. तुमी घोरत हुता. वाटी तळाला. हाक दिली, पर तुमी हललाबी न्हाई, आन् हलवून उठवायचं तर तुमास्नी शिवायचं कसं? आत गेले. त्याच्यामागं बी पोरगी लई येळानं आली."

"मग तू बोलली का नाहीस?" वैद्यांनी विचारलं.

"जोशी निजला असं सुईण म्हनली, तर खोटं कोन ठरंल, वैद्यबुवा?" तिनं पंतांकडं पाहिलं. "आन् वाटलं, शहाना मानूस हाय, आपला आपुन सांगंल. वाट बघितली."

पंत अंगणात तिच्यापुढे वाकले. चिमा मागं सरली, पण त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले होते. सोवळ्यातल्या जोशानं सुईणीला केलेला तो नमस्कार गावानं पाहिला, आणि पुष्कळांनी माना खाली घातल्या. कारण पंतांचं ऐकून आवडीला सणासुदीला टाळणारे तेच होते.

घाटापलीकडचे सोयरे सावरले. दोष नाही म्हणता, तर आजच अक्षता टाकू, असं ते म्हणू लागले. वैद्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या.

"काल मी जी होते तीच आज आहे," ती म्हणाली. "काल यांना माझ्याआधी मडकं पुढं हवं होतं."

तिनं पाटावरचा घट उचलून कडेवर घेतला आणि गडग्यापलीकडे घरी गेली. पुढं तिचं काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, दोन वर्षांनी खालच्या खोऱ्यातल्या एका वैद्याला तिनं स्वतः पसंत केलं. कुणी म्हणतं, ती पळसोळीतच राहिली आणि बापामागं औषध देऊ लागली. पंतांना तिनं शब्दानं दुखावलं नाही, पण "काका" म्हणून पुन्हा हाकही मारली नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

त्याच दिवशी पंतांनी पहार आणून बसायचा दगड स्वतः उपटला. उरलेलं आयुष्य ते वाटीपाशी उभे राहिले. पाय सुजत, पण कुणी पाट पुढे केला तर ते मान हलवत. गावानं त्यांना बोल लावला नाही. वैद्यांनीही लावला नाही, आणि पंतांना तेच सोसत नसे, असं म्हणतात.

आजही पळसोळीचा जोशी पत्रिका लिहिण्याआधी बाळंतिणीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "वेळ कोणी पाहिली?" आणि ते नाव पत्रिकेवर लिहितो. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. म्हणून इथल्या पत्रिकांवर लग्नाच्या वरच्या ओळीत कुठल्याशा नर्सबाईंचं नाव असतं, कधी आयाबाईंचं. त्या नावाखाली जोशी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहितो, आणि ती वाचून दाखवल्याखेरीज कागद आईच्या हाती देत नाही: यात चूक असेल तर ती लिहिणाऱ्याची, बाळाची नव्हे.