नुसती पालखी

कुंभेरीच्या राजांनी अंध-अपंगांच्या प्रवासासाठी निधी ठेवला होता, पण त्याची किल्ली दिवाण त्र्यंबकरावांच्या कमरेला होती. तिथून पैसा सुटणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणं.

एकदा आंधळी भागाई दरबारात आली. काय हवं, असं राजांनी तिला विचारलं. तिला लेकीच्या बाळंतपणाला घाटापलीकडे जायचं होतं आणि हात धरायला शेजारची कोंडाबाई सोबत येणार होती.

"तुझा खर्च मिळेल," दिवाण म्हणाले, "पण कोंडाबाईचा नाही. निधी अपंगांसाठी आहे आणि तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. नियम सगळ्यांना सारखा."

"तुम्हालाही?"

"अर्थात."

भागाईने राजांच्या आवाजाच्या दिशेने हात जोडले. "सरकार, मघाशी दारात दिवाणजींची पालखी उतरली तेव्हा भोई धापा टाकत होते. पालखीत बसणारे दिवाणजी एकटे, मग चार भोयांचा पगार खजिन्यातून कशाला? उद्यापासून त्यांना नुसती पालखी द्या."

राजे मिशीत हसले. "काय दिवाणजी?"

दिवाणांनी खिडकीतून टेकडीवरच्या आपल्या घराकडे पाहिलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

"कोंडाबाईचा खर्च मंजूर," ते म्हणाले. "येतानाचासुद्धा."