बॉनेटवरची भेग

घाटाच्या पायथ्याशी बोरघळ नावाचं गाव होतं. गावाच्या वेशीवर, घाटाची पहिली चढण सुरू होते तिथेच, रंगनाथ पांचाळचं गॅरेज होतं. रंगनाथ डेंटर होता. ठोकर बसलेल्या गाडीचा चेपलेला पत्रा सरळ करायचा, खड्डे भरायचे, वरून मूळचा रंग द्यायचा, हा त्याचा धंदा. घाट वळणावळणाचा, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. हाताला गुणही तसाच होता. चुरगळलेलं दार घेऊन आलेला माणूस परत जाताना आपली गाडी ओळखू शकत नसे, इतकी ती सरळ झालेली असायची.

गुणाबरोबर एक खोडही होती. आलेलं काम जमेल की नाही, याचा विचार रंगनाथ कधी करत नसे. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच त्याच्या तोंडून जायचं, "होऊन जाईल." तीस वर्षांत "मला येत नाही" हे शब्द त्याने कुणापुढे काढले नव्हते. तशी वेळही आली नव्हती. सगळ्या गाड्यांचा पत्रा लोखंडी होता आणि लोखंड त्याला तळहातासारखं पाठ होतं.

एका सकाळी टेंपोवर चढवून एक लाल गाडी त्याच्या दारात आली. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. शर्यतीची जुनी विलायती गाडी. टेंपोच्या केबिनमधून मृण्मयी देवकुळे उतरली. ती शहरात औषधांचं दुकान चालवायची. सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गोठ्यात कडब्याखाली पडलेली ही गाडी तिने आणली होती. दुकान बंद झाल्यावर आणि रविवारी बसून, पुस्तकं वाचत आणि चुकत, तिने तिचं इंजिन स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. बारा दिवसांनी बोरघळच्याच घाटात चढाची शर्यत होती आणि मृण्मयी पहिल्यांदा उतरणार होती. सरावाला म्हणून येताना वळणावर एक उसाची ट्रॉली आडवी उभी होती. तिला वाचवता वाचवता गाडी ट्रॉलीच्या कोपऱ्यावर गेली. माणसांना खरचटलंही नाही. गाडीचं डावं मडगार्ड मात्र आत गेलं होतं आणि बॉनेट मधोमध दुमडलं होतं.

रंगनाथने बॉनेटवर टिचकी मारली. आवाज वेगळा आला. त्याने चुंबक लावून पाहिलं. चुंबक चिकटलं नाही, घसरून खाली पडलं. पत्रा ॲल्युमिनियमचा होता.

मृण्मयी त्याच्याकडेच बघत होती. तिने सरळ विचारलं, की काका, हे काम पूर्वी केलंय का. इंजिन मला कळतं, म्हणाली, पत्र्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं.

रंगनाथने कधीच केलं नव्हतं. पण समोरच्या टपरीवर चारजण चहा पीत उभे होते आणि त्यांचे कान इकडे होते.

"पत्रा तो पत्रा, ताई," तो म्हणाला. "तुम्ही बिनघोर जा."

ती बिनघोर गेली.

मडगार्ड जमलं. ते फार चेपलं नव्हतं, मागून हळूहळू ठोकत त्याने बाहेर काढलं. त्यामुळे हुरूप आला. मग त्याने बॉनेट घेतलं. लोखंडाला घालतो तशी हातोडी घातली. दुमड थोडी उघडली. पुन्हा घातली. पत्रा आता ताठर झाल्यासारखा वाटत होता, घाव उलटा हाताला लागत होता. रंगनाथला तो हट्ट वाटला आणि त्याने हात जड केला. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बारीक आवाज आला, वाळकी शेंग फुटावी तसा. बॉनेटच्या पुढच्या कडेला, जिथे ते खाली खिटीत अडकतं, नेमकी तिथे चार बोटं लांब भेग पडली होती.

तो बराच वेळ खाली बसून राहिला.

बोरघळमध्ये ॲल्युमिनियम जाणणारं एक माणूस होतं, हे त्याला ठाऊक होतं. डेअरीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मालन ओतारी दुधाचे कॅन दुरुस्त करत बसायची. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती हेच करत होती. पोचे काढायची, फुटलेली बुडं जोडायची. कॅन सगळे ॲल्युमिनियमचे. रंगनाथ उठून दारापर्यंत गेलासुद्धा. पण बॉनेट डोक्यावर घेऊन बाजारपेठेतून कॅनवालीकडे जायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळणार. तो दारातून मागे फिरला.

मग त्याने जे येत होतं ते केलं. भेगेवर लांबी भरली. डेंटर लोक खड्डे बुजवायला जो लगदा वापरतात त्याला लांबी म्हणतात. वाळली की दगडासारखी होते, पण तिच्यात जोर नसतो. लांबी घासली, अस्तर दिलं, वर लाल रंगाचे तीन हात मारले. काम असं उतरलं की टपरीवरचे लोक उठून बघायला आले. त्यांनी वाहवा केली. एरवी अशा वाहवेने रंगनाथचा दिवस गोड व्हायचा. त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा ऊन बाधलं म्हणाला.

शर्यतीला चार दिवस उरले असताना मृण्मयी गाडी न्यायला आली.

ती गाडीभोवती दोनदा फिरली. बॉनेटवरून तळवा फिरवला. मग ती वाकून पुढची खिटी बघायला लागली आणि बघता बघता बोलत राहिली. शेवटच्या चढावर गाडी पळते तेव्हा वारा बॉनेटखाली शिरतो, म्हणाली, आणि त्याला वर उचलायला बघतो. मागच्या वर्षी एकाचं बॉनेट तिथेच उघडलं आणि काचेवर आपटलं. समोरचं दिसेना. उजवीकडे दरी. कठड्याने वाचला. तेव्हापासून घरी आई रोज विचारते, की बॉनेट पक्कं आहे ना.

"आता तिला सांगते, पांचाळकाकांनी बसवलंय," ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली रंगनाथच्या खिशात होती. त्याने खिशात हात घातला. टपरीवर आजही माणसं होती. आपण गप्प राहिलो तर कुणाला कधी कळणारही नाही, हे त्याला दिसत होतं. काही झालंच तर लोक वेगाला दोष देतील, घाटाला देतील. त्या पोरीला देतील. ते त्याला सोसवेना.

त्याने हात रिकामाच बाहेर काढला. बाकावरचा जाड पॉलिश पेपर उचलला आणि त्या चकचकीत लाल रंगावर, अगदी पुढच्या कडेला, जोर लावून घासायला सुरुवात केली.

मृण्मयी दचकून मागे सरली. रंगनाथ थांबला नाही. रंग गेला, अस्तर गेलं, राखाडी लांबीची भुकटी त्याच्या पायांवर पडली. मग खालून भेग दिसली.

"ताई, ही माझ्या हातची," तो म्हणाला. "हे काम मला येत नव्हतं. येतं म्हणून सांगितलं, फोडलं आणि वरून झाकलं. अशी गाडी घेऊन तुम्ही चढू नका."

टपरीवरच्या माना इकडे वळल्या. मृण्मयी भेगेकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती रागावली आणि तिने राग लपवला नाही. सहा वर्षं, म्हणाली, सहा वर्षं मी या दिवसाची वाट बघतेय. पहिल्याच दिवशी येत नाही म्हणाला असतात तर बारा दिवस होते माझ्या हातात. आता चार आहेत. रंगनाथने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

शेवटी तिने विचारलं, "मग कुणाला येतं?"

रंगनाथने बॉनेट सोडवलं आणि डोक्यावर घेतलं. भर दुपारी, भर बाजारपेठेतून, तो डेअरीच्या मागे निघाला. मृण्मयी मागून चालत होती. दुकानदार दारात येऊन बघत होते. चालताना त्याला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. पहिल्या शंभर पावलांत काय ते लोकांचं बघून झालं.

मालनआक्का कॅनचं बूड ठोकत होती. रंगनाथने बॉनेट तिच्यापुढे ठेवलं आणि झालं ते सगळं सांगितलं, काही न वगळता. तिने भेगेवरून अंगठा फिरवला, मग कानाशी नेऊन पत्रा वाजवला.

"थंडाच ठोकलास," ती म्हणाली.

"हो आक्का."

"ठोकलं की हे ताठतं. ताठल्यावर पुन्हा ठोकलं की फुटतं. मधेमधे ऊब देऊन मऊ करावं लागतं."

रंगनाथ म्हणाला, ऊब किती द्यायची ते कळत नाही. लोखंड लाल होतं तेव्हा समजतं.

"लोखंड लाल होऊन सांगतं," मालनआक्का म्हणाली. "हे सांगत नाही. गप राहतं आणि एकदम वितळून खाली पडतं. त्याला बोलतं करावं लागतं." आणि तिने कोनाड्यातली कपडे धुवायच्या साबणाची वडी काढून त्याच्या हातात ठेवली.

ते तीन दिवस रंगनाथने शेडमध्ये काढले. ती सांगायची आणि तो करायचा. रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर साबण चोळायचा, गॅसची ज्योत लांबून फिरवायची. साबण आधी पिवळा व्हायचा, मग तांबूस, मग काळा. काळा झाला की ज्योत बाजूला. पत्रा निवला की मऊ झालेला असे. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा, तोही हलक्या हाताने. त्याचा हात दोनदा जड पडला तेव्हा आक्काने मोगरी काढून घेतली आणि त्याला नुसतं बघायला बसवलं. पन्नाशीच्या माणसाला ते लागलं. पण तो बसला, आणि बसल्यावर दिसलं की ती घाव घालत नाही, मोगरी नुसती पडू देते.

भेगेच्या दोन्ही टोकांना तिने बारीक भोकं पाडली, म्हणजे ती आणखी पुढे पळणार नाही. भेग तिने स्वतः जोडली. त्या कामाला त्याला हात लावू दिला नाही. आतल्या बाजूने आधाराची पट्टी मात्र त्याच्याकडून लावून घेतली.

मृण्मयी दोन दिवस बोलली नाही. दुकानाच्या वेळा सांभाळून ती येई, कोपऱ्यात उभी राहून बघे आणि जाई. तिसऱ्या दिवशी येताना तिघांसाठी चहा घेऊन आली. रंगनाथचा पेला त्याच्या हातात न देता तिने शेजारी ठेवला, पण ठेवला.

रंग द्यायला वेळ उरला नव्हता. लाल गाडीवर उघड्या पत्र्याचं पांढरंफटक बॉनेट आणि त्यावर बोटभर जाडीची जोडाची रेघ, अशी ती गाडी शर्यतीला उभी राहिली. सगळ्या गाड्या चमकत होत्या. तपासणीला आलेल्या माणसाने रेघ बघून कपाळाला आठ्या घातल्या. त्याने बॉनेट दोन्ही हातांनी हिसडलं, अंगठ्यांनी दाबलं, खाली वाकून पट्टी बघितली. कुणी केलंय, त्याने विचारलं. मृण्मयीने मागे उभ्या असलेल्या दोघांकडे बोट दाखवलं. तो उठला आणि त्याने कागदावर सही केली.

रंगनाथ आणि मालनआक्का रस्ता बंद व्हायच्या आधीच्या एसटीने वर गेले आणि शेवटच्या चढाजवळ लोकांत उभे राहिले. गाड्या एकामागून एक येत होत्या. वळणावरून पांढरं बॉनेट दिसलं तेव्हा रंगनाथला बाकी काही दिसेना. इंजिन ओरडत होतं. वारा इतका होता की आक्काचा पदर उडत होता. त्याने बॉनेटच्या कडेवरची नजर हलवली नाही. बॉनेट थरथरलंसुद्धा नाही. गाडी समोरून गेली, चढ चढली, रेषेपार झाली, आणि मग कुठे त्याने आक्काकडे बघितलं.

मृण्मयी एकवीस गाड्यांत सातवी आली. पहिल्या शर्यतीला ते वाईट नव्हतं. ती हेल्मेट काढून दोघांकडे चालत आली. आधी वाकून आक्काच्या पाया पडली. मग रंगनाथसमोर उभी राहिली. तुमच्यावरचा राग पुरता गेला नाही, असं तिने स्पष्टच सांगितलं. पण त्या दिवशी तुम्ही किल्ली दिली असती, म्हणाली, तर मी तशीच फुटकी गाडी घेऊन चढले असते.

तिने हेल्मेट काखेत मारलं.

"पुढच्या महिन्यात गाडी आणते," ती म्हणाली. "दारांचा खालचा पत्रा कुजलाय. नवा घडवून बसवायचाय. जमेल?"

"आधी उघडून बघतो, ताई," रंगनाथ म्हणाला. "बघितल्यावर सांगतो."

मृण्मयी हसली आणि तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. खाली गावापर्यंत गाडी त्याने न्यायची होती.

तात्पर्य: जे येत नाही ते येत नाही म्हणावं आणि ज्याला येतं त्याच्यापाशी शिकायला बसावं, आपण झाकलेल्या चुकीचं मोल दुसऱ्या कुणाला तरी जिवाने द्यावं लागू शकतं, आणि वेळेवर उघड केलेली चूक दुरुस्त होऊ शकते.